व्हीएम हलवली की ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ परत येतं : की बदलण्याआधी काय तपासायचं

व्हीएम म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी संगणक. तिच्या स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. वॉलपेपर बदलत नाही, बाकी सगळं सुरळीत. की, म्हणजे विंडोजचा परवाना-क्रमांक, पुन्हा टाकली की अक्षरं जातात. मग होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते ते खरं मशीन, बदलतं, किंवा कुणीतरी व्हीएमची प्रत करून दुसऱ्या टेबलावर चालू करतं, किंवा जुना स्नॅपशॉट (व्हीएमची जपून ठेवलेली आधीची अवस्था) परत आणला जातो, आणि अक्षरं पुन्हा हजर.

हे दुखणं मी पहिल्यांदा नीट निस्तरलं ते एका डीटीपीवाल्या काकांसाठी. त्यांच्याकडे पंचवीस वर्षांच्या स्मरणिका, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत, त्याही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. पेजमेकर २००१ साली ७.० वर आलं आणि जवळजवळ तिथेच थांबलं. त्यामुळे ३२-बिट विंडोज १० ची एक व्हीएम, तिच्यात पेजमेकर, त्यात जुने फॉन्ट, असा सगळा संसार एका फोल्डरमध्ये बांधून ठेवलेला. वर्षभरात चार वेळा फोन आला, “अरे, ते परत आलंय बघ.” तीन वेळा मी की टाकून मोकळा झालो. चौथ्यांदा कीच नाकारली गेली, तेव्हा कुठे मी खाली बसून शोधायला लागलो.

माझी चूक अशी होती की ॲक्टिव्हेशन आणि लायसन्स या दोन गोष्टी मी एकच धरल्या होत्या. ॲक्टिव्हेशन म्हणजे मशीन ‘चालेल’ म्हणतं ते. लायसन्स म्हणजे करारात तुम्हाला कशाची मुभा आहे ते. पहिलं बिघडलं तर कोपऱ्यात अक्षरं दिसतात. दुसरं बिघडलं तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. आणि दुसरं बिघडलेलं असेल तर पहिलं कितीही वेळा दुरुस्त करा, ते पुन्हा पुन्हा डोकं वर काढतं.

लायसन्स कोणत्या जातीचं आहे?

व्हीएमच्या आत कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ ही आज्ञा द्या. (टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं. मी इथे फक्त नाव देवनागरीत लिहितोय.) छोटी खिडकी उघडते. तिच्यात ‘डिस्क्रिप्शन’ या ओळीच्या शेवटी चॅनल लिहिलेला असतो: रिटेल (सुटं विकत घेतलेलं), ओईएम (संगणकाबरोबर आलेलं), व्हॉल्यूम (संस्थेने घाऊक घेतलेलं) किंवा टाइमबेस्ड इव्हॅल. पुढचं सगळं त्या एका शब्दावर ठरतं, तेव्हा तो कागदावर उतरवून घ्या.

ओईएम दिसलं तर बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज त्या लॅपटॉपला कायमचं जोडलेलं असतं. ते दुसऱ्याला द्यायचं तर लॅपटॉपसकट. अलीकडच्या मशीनमध्ये ही की बायॉसमधल्या एमएसडीएम नावाच्या तक्त्यात कोरलेली असते. तो तक्ता व्हीएमला दाखवून ॲक्टिव्हेशन मिळवायच्या युक्त्या लोक सांगतात, आणि त्या चालतातही. पण करारातली ओळ सरळ आहे: एका लायसन्सवर एक इन्स्टॉलेशन, एका उपकरणावर, मग ते उपकरण खरं असो की आभासी. लॅपटॉपवर विंडोज चालू आणि त्याच कीवर आतल्या व्हीएममध्येही विंडोज, ही दोन झाली. दुसऱ्यासाठी दुसरं लायसन्स लागतं. इथे ‘पण मशीन तर एकच आहे ना?’ हा प्रश्न मला हमखास येतो. मशीन एक, उपकरणं दोन. करार व्हीएमला स्वतंत्र उपकरण मानतो.

रिटेल असेल तर व्हीएम तुमच्याच दुसऱ्या मशीनवर नेता येते, फक्त जुन्या जागी ती चालू ठेवायची नाही. काकांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. की रिटेलची होती, पण व्हीएमची एक प्रत त्यांच्याकडे आणि दुसरी त्यांच्या मुलाच्या मशीनवर, ‘बॅकअप म्हणून’. मुलगा ती रोज वापरत होता. चौथ्यांदा जो एरर कोड आला त्याचा शेवट सी००८ असा होता, म्हणजे ही की परवानगीपेक्षा जास्त जागी वापरली गेली आहे. मशीन खरंच बोलत होतं.

एक गैरसमज इथेच खोडतो. ‘एसएलएमजीआर /यूपीके’ ही आज्ञा देऊन जुन्या जागची की काढली की मायक्रोसॉफ्टकडे ती ‘मोकळी’ झाली, असं लोक समजतात. ती की फक्त त्या मशीनवरून जाते. काढणं चांगलंच, कारण त्यामुळे दोन्हीकडे वापर चालू राहत नाही. पण तिकडच्या नोंदीत त्याने काही खोडलं जात नाही.

चॅनलमध्ये ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ लिहिलेलं असेल आणि तुमचं ऑफिस चार जणांचं असेल, तर जरा थांबा. केएमएस ही मोठ्या संस्थांची सोय आहे. ऑफिसातल्या एका सर्व्हरकडून सगळी मशीन ॲक्टिव्हेशन घेतात. ते १८० दिवस टिकतं आणि दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न होतो. आता ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ करून केएमएस सर्व्हरचा पत्ता बघा. तो १२७ ने सुरू होत असेल (म्हणजे ‘सर्व्हर’ त्याच मशीनच्या आत), किंवा तुम्ही कधी न ऐकलेल्या ठिकाणाचा असेल, तर कुणीतरी आत ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे खोटं ॲक्टिव्हेशन करून देणारा प्रोग्राम, चालवलेला आहे. अँटिव्हायरसने तो उडवला की शेवटी एफ०७४ असलेला कोड येतो, सर्व्हर सापडत नाही म्हणून. मग कुणीतरी अँटिव्हायरस बंद करून तो पुन्हा चालवतं, आणि दुखणं वर्षातून दोनदा परत येतं. तयार व्हीएम ‘कुणाकडून तरी’ पेनड्राइव्हवर आणली असेल तर नव्वद टक्के कारण इथेच सापडतं, हा माझा हिशोब आहे, कुठल्या पाहणीचा नाही.

पाचशे-सातशे रुपयांना मिळणाऱ्या कीचंही तेच. एका विक्रेत्याकडून मीही एकदा घेतली होती, बिल नव्हतं, की ईमेलवर आली. आठ महिने चालली. मग शेवटी सी००३ असलेला कोड: की ब्लॉक केलेली आहे. अशा की बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम कीमधून फुटलेल्या असतात. त्या दुरुस्त होत नाहीत. तिथे वेळ घालवू नका. शिवाय आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३-बी हे कलम आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण छापखाना म्हणजे धंदाच.

टाइमबेस्ड इव्हॅल म्हणजे चाचणीची प्रत. विंडोज ११ एंटरप्राइजची चाचणी ९० दिवसांची, सर्व्हरची १८०. मुदत संपली की मशीन तासातासाला आपोआप बंद होऊ लागतं, आणि लोक रॅम बदलत बसतात. सर्व्हरची चाचणी प्रत खऱ्या कीने कायमची करता येते, एंटरप्राइजची येत नाही, ती नव्याने टाकावी लागते.

व्हीएमचा कागदी मदरबोर्ड

जात कळली, लायसन्स ठीक आहे, तरी अक्षरं परत येतात? मग व्हीएमची ओळख बदलते आहे.

विंडोजचं ॲक्टिव्हेशन हे मशीनच्या हार्डवेअरच्या ठशावर बांधलेलं असतं. खऱ्या मशीनमध्ये त्या ठशाचा मोठा भाग मदरबोर्डचा. व्हीएममध्ये मदरबोर्ड असतो तो कागदावर. व्हीएमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये यूयूआयडी नावाचा एक लांबलचक क्रमांक लिहिलेला असतो, नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता असतो, आणि आतलं विंडोज तेच खरं मानतं. तो क्रमांक बदलला की विंडोजच्या दृष्टीने तुम्ही डिस्क उपसून परक्या संगणकात घातली. तेव्हा येणाऱ्या कोडचा शेवट एफ२११.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे फक्त डिस्कची फाइल नेणं. वीस-तीस जीबीची ती एकच फाइल महत्त्वाची वाटते, बाजूची दोन-चार केबींची सेटिंगची फाइल कचरा वाटते. नव्या मशीनवर ‘न्यू व्हर्च्युअल मशीन’ करून जुनी डिस्क जोडली की नवा कागदी मदरबोर्ड तयार झाला. नेहमी संपूर्ण फोल्डर न्या.

व्हीएम चालवायची सॉफ्टवेअर वेगवेगळी असतात. त्यांतल्या व्हीएमवेअरमध्ये फोल्डर हलवून पहिल्यांदा चालू केलं की प्रश्न येतो: व्हीएम हलवली आहे की तिची प्रत केली आहे? वर सूचना अशी की माहीत नसेल तर ‘आय कॉपिड इट’ म्हणा. सावध माणूस तेच दाबतो आणि फसतो, कारण ‘कॉपिड’ म्हटलं की नवा यूयूआयडी आणि नवा मॅक पत्ता मिळतो. एकाच नेटवर्कवर दोन प्रती चालवायच्या असतील तर ते बरोबरच आहे. पण व्हीएम खरंच हलवली असेल तर ‘आय मूव्हड इट’. हे उत्तर दर वेळी कुणाला लक्षात राहणार? म्हणून व्हीएमएक्स ही सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूयूआयडी डॉट ॲक्शन या नावाची ओळ घाला आणि तिची किंमत ‘कीप’ ठेवा. मग तो प्रश्नच येत नाही. जुना क्रमांक आधीच गेला असेल तर बॅकअपमधल्या व्हीएमएक्स फाइलमधून यूयूआयडी डॉट बायॉसची ओळ उचलून, व्हीएम बंद असताना, जागेवर आणता येते. काकांचं ॲक्टिव्हेशन मी असंच परत आणलं, की न टाकता.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘क्लोन’ आणि ‘मूव्ह’ हे दोन वेगळे पर्याय आहेत. क्लोन नवी ओळख देतो. फोल्डर उचलून नेऊन ‘ॲड’ने व्हीबॉक्स फाइल जोडली तर जुनी ओळख राहते. लिनक्सवरच्या केव्हीएमवाल्यांनी ‘व्हर्श डंपएक्सएमएल’ने वर्णन बाहेर काढावं आणि नव्या होस्टवर ‘व्हर्श डिफाइन’ करावं. नुसती क्यूकाऊ२, म्हणजे डिस्कची फाइल नेऊन नवी व्हीएम बनवली तर वरचीच गत. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये इंपोर्ट करताना तीन पर्याय येतात. त्यांतला ‘कॉपी, नवीन युनिक आयडी’ हा फक्त दुसरी व्हीएम हवी असेल तेव्हाच.

व्हीएम हलवायच्या आधी पाच मिनिटांचं एक काम करा: आतल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खातं जोडा, म्हणजे ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असं दिसेल. ही सोय २०१६ मधल्या १६०७ आवृत्तीपासून आहे. ओळख बदललीच तर ट्रबलशूटरमध्ये ‘आय चेंज्ड हार्डवेअर’ निवडून जुन्या मशीनच्या यादीतून हीच व्हीएम निवडता येते. व्हीएमला आधीच ओळखता येईल असं नाव द्या. ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अगम्य अक्षरं अशी सहा नावं यादीत दिसली की हात थांबतो. आणि ही सोय अमर्याद नाही. फार वेळा वापरली की तीही नकार देते.

स्नॅपशॉटचं दुखणं वेगळं. ॲक्टिव्हेशनच्या आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत गेलात तर ॲक्टिव्हेशनच्या आधी पोचलात, एवढंच. म्हणून ‘स्वच्छ’ स्नॅपशॉट ॲक्टिव्हेशन झाल्यावर घ्या. कधी कधी स्नॅपशॉट बरोबर असतो पण घड्याळ मागे राहतं, सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि ॲक्टिव्हेशन सर्व्हरपर्यंत बोलणंच होत नाही. कोड शोधत बसण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मी एकदा अर्धा दिवस घालवलाय यात.

खरोखर व्हॉल्यूम लायसन्स असलेल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणखी एक प्रकार होतो. एक व्हीएम तयार केली, तिच्या तीस प्रती वाटल्या, आणि केएमएस सर्व्हर म्हणतो पुरेशी मशीनच नाहीत. कोडचा शेवट एफ०३८. केएमएसला किमान २५ डेस्कटॉप विंडोज लागतात, सर्व्हर असतील तर ५. प्रती तीस असल्या तरी सगळ्यांचा सीएमआयडी (केएमएस ज्यावरून मशीन मोजतो तो क्रमांक) एकच, म्हणून मोजणी एकावर अडकते. प्रती काढण्याआधी मूळ व्हीएमवर ‘सिसप्रेप’ हे मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं साधन जनरलाइझ पर्यायासह चालवायचं होतं. आता प्रती वाटून झाल्या असतील तर प्रत्येकीवर ‘एसएलएमजीआर /रीआर्म’ आणि रीस्टार्ट.

सर्व्हरवर अक्षरं येत नाहीत म्हणून

विंडोज सर्व्हरवर गोष्ट उलटी आहे. तिथे ॲक्टिव्हेशन बिनबोभाट होतं आणि लायसन्स कमी पडलेलं असतं. स्टँडर्ड आवृत्ती २०१६ पासून कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणन करणाऱ्या भागांच्या संख्येवर, विकली जाते: प्रत्येक प्रोसेसरला किमान ८, प्रत्येक सर्व्हरला किमान १६, आणि होस्टचे सगळे कोअर धरायचे, व्हीएमला दिलेले तेवढेच नव्हे. त्यात दोन व्हीएम मिळतात. तिसरी हवी तर सगळ्या कोअरचा संच पुन्हा घ्यायचा, मग चार होतात. २४ कोअरच्या होस्टवर तीन व्हीएम म्हणजे ४८ कोअरचं लायसन्स. दोन व्हीएम चालू असताना खालच्या विंडोजने फक्त त्या सांभाळायच्या. तिथेच टॅली किंवा फाइल शेअरिंग ठेवलं की हक्क गेला. हे मी किती ऑफिसांत पाहिलंय ते विचारू नका. वापरणाऱ्यांसाठी सीएएल, म्हणजे सर्व्हर वापरायची परवानगी, वेगळी.

दोन होस्ट असतील आणि व्हीएम इकडून तिकडे जात असेल तर लायसन्स तिच्या मागोमाग धावत नाही. एकदा एका होस्टला दिलेलं लायसन्स साधारणपणे ९० दिवस हलवता येत नाही. म्हणून दोन्ही होस्ट, सगळ्यात जास्त व्हीएम ज्या वेळी असतील त्या हिशोबाने, भरलेले हवेत. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसन्सवरचा जादा करार) किंवा सबस्क्रिप्शन असलेल्यांना ऑक्टोबर २०२२ पासून व्हीएमच्या कोअरवर लायसन्स घेता येतं, प्रत्येक व्हीएमला किमान ८. व्हीएम खूप झाल्या तर डेटासेंटर आवृत्ती स्वस्त पडते. त्यात मर्यादा नाही, आणि हायपर-व्हीवर आतले विंडोज सर्व्हर होस्टकडूनच ॲक्टिव्हेशन घेतात, इंटरनेटशिवाय. पण अशी व्हीएम उचलून स्टँडर्ड होस्टवर नेली की ते बंद. ‘परवापर्यंत चालू होतं’ या तक्रारीमागे हे कारण असू शकतं.

सर्व्हरवर विंडोज ११ प्रोच्या व्हीएम बनवून सगळ्यांनी घरून जोडायचं, ही कल्पना लॉकडाउनपासून बरीच फिरते आहे. साध्या रिटेल कराराने त्याला स्पष्ट मनाई आहे: सर्व्हरवर टाकून लोकांना दुरून वापरू देता येत नाही. त्यासाठी एंटरप्राइज किंवा व्हीडीए (आभासी डेस्कटॉप दुरून वापरायचं लायसन्स) घ्यावं लागतं. ॲक्टिव्हेशन मात्र खुशाल होतं, म्हणून कुणाला कळत नाही.

उलट, काही भीती जुन्या आहेत. ‘होम आवृत्ती व्हीएममध्ये चालत नाही’ हे व्हिस्टाच्या काळचं, २००७ चं. ती बंदी जानेवारी २००८ मध्येच उठली. आणि विंडोज ७ प्रोबरोबर फुकट मिळणारा ‘एक्सपी मोड’, म्हणजे विंडोज एक्सपीची तयार व्हीएम, उचलून विंडोज १० वर नेलेला असेल, तर तो हक्क खालच्या विंडोज ७ चा होता. खालचं ७ गेलं की तोही गेला.

मॅकवर जुना नियम पुरतो: खाली ॲपलचंच मशीन, त्यावर चालू मॅकओएसखेरीज मॅकओएसच्या आणखी दोनच व्हीएम, आणि तेही विकासासाठी, चाचणीसाठी किंवा घरगुती वापरासाठी. ॲपल सिलिकॉनवर, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर, तिसरी मॅकओएस व्हीएम चालूच होत नाही. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. मॅकवर विंडोज ११ चालवायचं तर त्याचं लायसन्स वेगळं, आणि मॅक बदलल्यावर वरचंच यूयूआयडीचं पुराण. लिनक्समध्ये ॲक्टिव्हेशन नाही, पण रेड हॅटच्या क्लोन केलेल्या व्हीएममध्ये नोंदणीची ओळखही क्लोन होते. आधी ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर क्लीन’ करून मग नव्याने नोंदवा.

काकांकडे आता दोन रिटेल लायसन्स आहेत, एक त्यांचं, एक मुलाचं. दिवाळीनंतर त्यांनी मशीन बदललं तेव्हा मी मनात म्हटलं, फोन येणार. आला. “अरे, ते अक्षरबिक्षर काही नाही आलं, पण फॉन्टचं लॉक दिसत नाहीये.” फॉन्ट चालायला लागणारं यूएसबीचं हार्डवेअर लॉक होस्टने धरून ठेवलं होतं. व्हीएमच्या मेन्यूतून रिमूव्हेबल डिव्हाइसेसमध्ये जाऊन ते आत जोडलं, झालं. व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांना यासाठी एक्स्टेन्शन पॅक लागतो असं अजून सांगितलं जातं. ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजमध्येच आहे. तो पॅक ऑफिसात घालू नका, त्याचं धंद्यातल्या वापराचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं.